डिझाईन विकून टाकायचं की त्यात वाटा ठेवायचा? फर्निचर, पडदे, चादरींचे डिझायनर आणि शोरूमवाल्यांचा व्यवहार



मागच्या आठवड्यातल्या व्हिडिओनंतर कोल्हापूर भागातल्या एका ताईंचा मेसेज आला. त्या कापडावरची डिझाईन्स करतात. होम फर्निशिंगच्या एका मोठ्या शोरूमने त्यांच्याकडे पडद्यांसाठी 12 डिझाईन्स मागितली आहेत. एका डिझाईनचे 2,000 रुपये, म्हणजे एकूण 24,000. पैसे एकदम मिळणार, पण डिझाईन कायमचं त्यांचं. ताईंचा प्रश्न साधा आहे : "सर, घेऊ का?"

त्याच दिवशी दुसऱ्या बाजूचाही प्रश्न आला. नाशिककडचे एक दुकानदार दादा विचारतात, "मला माझ्या दुकानासाठी वेगळा माल हवाय. डिझायनरला किती द्यायचे, कसे द्यायचे, काही कळत नाही. नुसते पैसे देऊन फसलो तर?"

बघा, दोघांची भीती एकच आहे. डिझाईन चालेल की नाही, हे आज कुणालाच माहीत नाही. ताईंना वाटतं, चाललं तर आपण लुटले जाऊ. दादांना वाटतं, नाही चाललं तर आपले पैसे बुडतील. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. या धंद्यात हा प्रश्न नवा नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी लंडनमध्ये हेच झालं होतं, आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

1. निम्मे पैसे मिळालेलं डिझाईन

लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर हील्स नावाचं घरसामानाचं दुकान आहे. 1810 सालचं. फर्निचर, गाद्या, पडदे, सगळं. त्यांची कापडाची एक वेगळी घाऊक कंपनी होती आणि तिचे प्रमुख होते टॉम वर्दिंग्टन.

1951 साली लंडनमध्ये 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' नावाचं मोठं प्रदर्शन भरलं. युद्ध संपून सहा वर्षं झाली होती, पण टंचाई पुरती संपलेली नव्हती. लोकांना काहीतरी नवं, उजेडाचं, हलकंफुलकं बघायचं होतं. या प्रदर्शनात घर कसं सजवावं हे दाखवणाऱ्या खोल्या मांडायचं काम रॉबिन डे या फर्निचर डिझायनरकडे होतं. त्यांच्या पत्नी ल्युसिएन डे कापडाच्या डिझायनर. खोलीतल्या पडद्यासाठी त्यांनी एक डिझाईन केलं. नाव 'कॅलिक्स'. कॅलिक्स म्हणजे फुलाच्या पाकळ्यांखाली जो हिरवा पेला असतो ना, तो.

आता हे डिझाईन डोळ्यांसमोर आणा. त्या काळात पडद्याचं कापड म्हटलं की गुलाबाचे गुच्छ, वेली, पानं. ल्युसिएनबाईंनी काय केलं? शेवाळी रंगावर पिवळे, केशरी, काळे, पांढरे पेल्यासारखे आकार आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. फूल म्हणावं तर फूल नाही, आणि फुलाची आठवण मात्र येते.

हील्सने ते छापायला घेतलं, पण वर्दिंग्टनसाहेबांना खात्री नव्हती. हे कापड कोण घेणार? डिझाईनच्या इतिहासात हा किस्सा प्रसिद्ध आहे : त्यांनी ल्युसिएनबाईंना नेहमीच्या मानधनाच्या निम्मेच पैसे दिले.

पुढे काय झालं? त्याच वर्षी इटलीतल्या मिलान त्रिएनाले या नावाजलेल्या प्रदर्शनात कॅलिक्सला सुवर्णपदक मिळालं. पुढच्या वर्षी अमेरिकेतला पुरस्कार. कापड तर पुढे कितीतरी वर्षं खपत राहिलं, आणि त्याची नक्कल करणारी कापडंही बाजारात आली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वर्दिंग्टन हा अडाणी माणूस नव्हता. कापडाची जाण असलेला, नव्या लोकांना संधी देणारा व्यापारी होता. पुढे बार्बरा ब्राऊनसारख्या तरुण डिझायनरला कॉलेजमधून हेरून पुढे आणणारा हाच माणूस. इतक्या जाणकाराचाही अंदाज चुकला. मग आपल्या शोरूमवाल्याचा चुकणारच, आणि आपला स्वतःचाही चुकणारच.

म्हणून पहिला धडा : चालेल की नाही हे कुणालाच माहीत नसताना डिझाईनची 'बरोबर किंमत' ठरवताच येत नाही. ठरवायची असते ती वाटणी. चाललं तर कुणाला किती, नाही चाललं तर कुणाचं किती गेलं.

ल्युसिएनबाई रागावून निघून गेल्या नाहीत, हेही बघा. 1974 पर्यंत त्या हील्ससाठी काम करत राहिल्या आणि सत्तरहून अधिक डिझाईन्स दिली. एका यशानंतर दोघांचा एकमेकांवर विश्वास बसला. वीसहून अधिक वर्षं टिकलेलं नातं हे त्या एका पदकापेक्षा धंद्याच्या दृष्टीने मोठं आहे.

2. कापडाच्या काठावर नाव

त्या काळातल्या हील्सच्या कापडाचा तुकडा कधी फोटोत बघितलात तर त्याच्या काठाकडे लक्ष द्या. थानाच्या कडेला जी पांढरी पट्टी असते, जिथे आपल्याकडे गिरणीचं नाव असतं, तिथे डिझाईनचं नाव, ल्युसिएन डे हे नाव आणि हील्सचं नाव छापलेलं असायचं.

तुम्ही म्हणाल, सर, पडदा शिवताना ती पट्टी तर आत दुमडली जाते! बरोबर. पण दुकानात थान उलगडताना गिऱ्हाईक ती बघतं, शिंपी बघतो, दुसरा दुकानदार बघतो. पुढच्या कामाची मागणी तिथून येते. आणि आज तेच जुने तुकडे संग्राहक शोधतात, तेव्हा काठावरचं नाव हाच पुरावा असतो.

आपल्याकडे उलट चालतं. डिझाईन कुणाचं हे सांगितलं तर गिऱ्हाईक थेट त्याच्याकडे जाईल, अशी दुकानदाराला भीती. आता स्वीडनची आयकिया कंपनी बघा. नवी मुंबईत तुर्भ्याला 2020 च्या डिसेंबरमध्ये त्यांचं दुकान सुरू झालं, तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले असतील. तिथे अनेक वस्तूंच्या माहितीत डिझायनरचं नाव दिलेलं असतं. त्यांची 'पोएंग' ही वाकवलेल्या लाकडाची खुर्ची 1970 च्या दशकापासून विकली जातेय. ती केली नोबोरू नाकामुरा या जपानी डिझायनरने. हे नाव सांगून आयकियाचं काय नुकसान झालं? काही नाही. उलट वस्तूला गोष्ट मिळाली.

नाव देणं दुकानदाराला फुकटात पडतं आणि डिझायनरला ते पैशांइतकं मोलाचं असतं. पैशाची घासाघीस अडली तर नावाची मागणी पुढे करा. पण हे तोंडी नको, लेखी हवं : लेबलवर, वेबसाईटवर आणि जाहिरातीत नाव कसं येणार, कोणत्या शब्दांत येणार.

3. माल दिला, पण मांडला कसा?

दुसरी गोष्ट टेरेन्स कॉनरन यांची. हे मूळचे कापडाचं डिझाईन शिकलेले, पुढे फर्निचर करायला लागले. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी 'सुमा' नावाची घरगुती फर्निचरची मालिका काढली. वस्तू साध्या, सुटसुटीत, तरुण जोडप्यांना परवडतील अशा.

माल दुकानांमध्ये गेला आणि तिथेच अडकला. जुन्या पद्धतीची फर्निचरची दुकानं, अंधारी, जड कपाटांच्या रांगा. त्यात कॉनरनची हलकी खुर्ची कुठेतरी कोपऱ्यात. तिच्यावर कुठली चादर शोभेल, कुठला दिवा, कुठली भांडी, हे दाखवणारं कुणी नाही. विकणाऱ्यालाच ती वस्तू समजली नव्हती.

वैतागून त्यांनी 1964 च्या मे महिन्यात लंडनच्या फुलहॅम रोडवर स्वतःचं दुकान काढलं. नाव 'हॅबिटॅट'. तिथे फर्निचर, कापड, भांडी, दिवे एकत्र मांडले. काही माल तर गोदामासारखा थप्प्या लावून. गिऱ्हाईकाने हात लावायचा, उचलायचा, घरी न्यायचा. पुढे हॅबिटॅट इतकं वाढलं की 1983 साली कॉनरनच्या कंपनीने हील्सच विकत घेतलं!

प्रत्येक डिझायनरने दुकान काढावं, असं मी अजिबात म्हणत नाही. दुकान म्हणजे भाडं, पगार, साठा, सगळंच आलं. पण यातून एक प्रश्न शिका. शोरूमवाल्याला किंमत विचारण्याआधी हे विचारा : "माझा माल तुम्ही कुठे मांडणार? कशाबरोबर मांडणार? विकणाऱ्या मुलांना मी अर्धा तास समजावून सांगू शकतो का?"

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सोलापूरच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, नाव देशभर आहे. पण त्याच कापडाची कुणी आजच्या घरासाठी बेडकव्हर, खुर्चीचं आसन, भिंतीवरचं लटकन अशी मालिका केली आणि दुकानदाराने ती शंभर चादरींच्या गठ्ठ्यात घडी घालून ठेवली, तर गिऱ्हाईकाला वेगळं काय दिसणार? ते भावच विचारणार. एक पलंग, त्यावर ते बेडकव्हर, बाजूला खुर्ची, एवढी सहा-बाय-आठची जागा मिळाली तर चित्र बदलतं. करारात 'मांडणी' हा शब्द आणायला लाजू नका.

4. किंमत आधी, डिझाईन नंतर

कलाकार मंडळींना हा मुद्दा आवडत नाही, पण ऐका. आयकियात असं म्हणतात की आधी किंमतीची चिठ्ठी डिझाईन करायची, मग वस्तू. म्हणजे हे टेबल इतक्यालाच विकायचं हे आधी ठरतं आणि डिझायनर त्या चौकटीत काम करतो. कंपनी स्वतः एक गोष्ट सांगते : 1956 साली गिलिस लुंडग्रेन नावाचा त्यांचा डिझायनर 'लोवेट' हे छोटं टेबल गाडीत घालत होता. मावेना. मग त्याने पायच काढले. त्यातून सुटे भाग खोक्यात भरून विकण्याची पद्धत त्यांच्याकडे रुजली. खोकं लहान झालं, वाहतूक स्वस्त झाली, तुटफूट कमी झाली.

ल्युसिएन डे यांनीही हे केलं होतं. कॅलिक्स लिननवर छापलेलं होतं, लिनन महाग. नव्या पद्धतीची घरं सजवू बघणाऱ्या सगळ्यांनाच ते परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी ब्रिटिश सेलनीज या कंपनीसाठी रेयॉनवरची, कमी खर्चाची कापडंही डिझाईन केली. स्वस्त कापडासाठी काम केल्याने त्या लहान झाल्या नाहीत.

आता आपला हिशेब मांडू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतोय, तुमचे तुम्ही घाला. समजा शोरूमला कुशन कव्हर 500 रुपयांना विकायचं आहे. कर तूर्त बाजूला ठेवू.

- शोरूमचा निम्मा वाटा गेला : उरले 250
- कापड : 80
- छपाई : 60
- शिलाई आणि चेन : 40
- पॅकिंग : 10
- वाहतूक आणि खराब निघणारा माल : 20

एकूण खर्च 210. हातात 40 रुपये. त्यातूनच बनवणाऱ्याचा नफा आणि डिझायनरचा वाटा निघायचाय. घाऊक दराच्या 5 टक्के रॉयल्टी धरली तर डिझायनरला नगामागे साडेबारा रुपये. बनवणाऱ्याला साडेसत्तावीस.

आता डिझाईनमध्ये एक रंग कमी केला आणि छपाई 60 वरून 48 वर आली, तर 12 रुपये वाचले. म्हणजे डिझायनरच्या रॉयल्टीइतकेच! एका रंगाची ही किंमत. हा हिशेब ज्या डिझायनरला येतो, त्याच्याशी दुकानदार दुसऱ्यांदा काम करतो. म्हणून पहिलं स्केच काढण्याआधी विचारा : विक्रीची किंमत किती? तुमचा वाटा किती? पहिली खेप किती नगांची?

5. मोठं गिऱ्हाईक मिळालं, आता आराम? नाही!

आता आपल्या देशात येऊ. जॉन बिसेल नावाचे अमेरिकन गृहस्थ 1958 मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या कामासाठी भारतात आले. इथलं हातमागाचं कापड बघून त्यांना वाटलं, हे परदेशी घरांत जायला हवं. 1960 मध्ये त्यांनी फॅबइंडिया सुरू केली. आज आपण तिला कुर्त्यांसाठी ओळखतो, पण सुरुवात झाली घरसजावटीच्या कापडाच्या निर्यातीपासून. पानिपतच्या सतरंज्या, सोफ्याचं कापड, पडद्याचं कापड.

आणि त्यांचं मोठं गिऱ्हाईक कोण? तेच, कॉनरनचं हॅबिटॅट. बघा कसं वर्तुळ जुळतं. लंडनच्या दुकानाला हवा असलेला रंग, हवी असलेली रुंदी आणि दर खेपेला तोच दर्जा, हे सगळं भारतातल्या मागावर उतरवायचं, हे काम फॅबइंडियाने केलं. मागावरच्या कारागिराला परदेशातल्या खोलीचं माप समजावून सांगणं, हेसुद्धा डिझाईनचंच काम आहे, हे विसरू नका.

1976 मध्ये दिल्लीच्या ग्रेटर कैलाशमध्ये त्यांनी पहिलं दुकान उघडलं. तरी निर्यात महत्त्वाची होतीच. मग 1992 मध्ये हॅबिटॅट विकलं गेलं, आणि घेतलं कुणी? आयकियाच्या संस्थापक कुटुंबाच्या उद्योगसमूहाने. मालक बदलला की खरेदीची पद्धत बदलते, खरेदी करणारी माणसं बदलतात. फॅबइंडियाच्या निर्यातीचा मोठा आधार निसटला आणि कंपनीने भारतातल्या गिऱ्हाईकाकडे मोर्चा वळवला.

त्यांना ते जमलं, कारण दिल्लीतलं दुकान आधीपासून उभं होतं. गिऱ्हाईक येत होतं, काय खपतं याचा अनुभव होता. ते दुकान नसतं तर?

आता स्वतःला विचारा. तुमच्या वर्षाच्या विक्रीतला किती भाग एकाच शोरूमकडून येतो? निम्म्याहून जास्त असेल तर त्या शोरूमच्या खरेदी विभागातला एक माणूस बदलला तरी तुमचं घर हलेल. यात त्या शोरूमची चूक नसते. त्यांचा धंदा त्यांच्या पद्धतीने चालतो. आपली दुसरी वाट आपणच तयार ठेवायची असते : छोटं प्रदर्शन, दोन आर्किटेक्ट, एखादं दुसऱ्या गावातलं दुकान, स्वतःची ऑनलाईन विक्री. त्यासाठी करारात एक वाक्य जपा. 'फक्त आम्हालाच' अशी अट असेल तर ती कोणत्या डिझाईनपुरती, कोणत्या भागापुरती आणि किती महिन्यांपुरती, हे लिहून घ्या. सगळ्या डिझाईन्ससाठी, सगळ्या देशात, कायमचं 'फक्त आम्हालाच' म्हणजे तुम्ही बिनपगारी नोकर झालात.

6. कायद्यातल्या चार गोष्टी

मी वकील नाही. मोठा करार असेल तर वकिलाची फी खर्च म्हणून धरा. पण या चार गोष्टी प्रत्येकाला माहीत हव्यात.

पहिली. डिझाईन्स ॲक्ट 2000 नुसार वस्तूचा आकार, नक्षी, रंगरचना यांची नोंदणी करता येते. संरक्षण 10 वर्षांचं, पुढे 5 वर्षांनी वाढवता येतं. मात्र डिझाईन नवं हवं आणि अर्जाआधी जाहीर झालेलं नको. म्हणजे आधी इन्स्टाग्राम आणि मग अर्ज, हा क्रम चुकीचा आहे.

दुसरी. पुष्कळ जणांना वाटतं, "माझं चित्र आहे, कॉपीराइट आपोआप माझाच." थांबा. जे डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, ते औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त नगांवर वापरलं गेलं की त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास कुशन कव्हर म्हणजे एका प्रदर्शनाचा माल!

तिसरी, आणि ताईंसाठी सगळ्यात महत्त्वाची. याच डिझाईन कायद्यात असं आहे की, दुसऱ्याने मोबदला देऊन त्याच्यासाठी डिझाईन करून घेतलं, तर डिझाईनचा मालक तो करून घेणारा ठरतो. म्हणजे तुम्ही काहीच लिहून घेतलं नाही तर पारडं शोरूमकडे झुकतं. "हक्क डिझायनरकडे राहतील, शोरूमला फक्त वापराचा परवाना" हे वाक्य म्हणूनच लेखी हवं.

चौथी, पैशांची. उद्यम नोंदणी करून घ्या. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असेल तर खरेदीदाराने करारात ठरल्या दिवशी, आणि ठरलेला काळ काहीही असला तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी करारच नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर व्याज लागतं आणि सरकारकडे तक्रार करता येते. रोज तक्रार करा असं नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक दिसला की समोरचा जरा जपून वागतो, हा अनुभव आहे.

7. मग ताईंनी काय करावं?

आता 24,000 कडे परत येऊ. ताई, शोरूमपुढे हा दुसरा प्रस्ताव ठेवून बघा.

प्रत्येक डिझाईनला 2,000 ऐवजी 1,000 रुपये आगाऊ घ्या. हे परत द्यायचे नाहीत. वर घाऊक दराच्या 4 टक्के रॉयल्टी. आगाऊ रक्कम रॉयल्टीतून आधी वळती होईल, मग पुढची रॉयल्टी सुरू. समजा कापडाचा घाऊक दर मीटरला 300 रुपये. मग मीटरमागे तुमचे 12 रुपये.

आता 12 पैकी 11 डिझाईन्स पडली असं धरू. प्रत्येकी 50 मीटर खपली. त्यांची रॉयल्टी 600 होते, आगाऊ 1,000 पेक्षा कमी. म्हणजे 11 चे मिळून तुमच्याकडे 11,000 राहिले. आणि एकच डिझाईन चाललं, 3,000 मीटर. त्याचे 36,000. एकूण 47,000. शिवाय ते डिझाईन पुढच्या वर्षीही खपलं तर पैसे येत राहतील.

एकही चाललं नाही तर? तर तुम्ही 12,000 वरच थांबाल, 24,000 वर नाही. हे स्पष्ट सांगायला हवं. जोखीम तुम्हीही घेताय. घरात पैशांची आत्ता गरज असेल तर सहा डिझाईन्स एकरकमी द्या आणि सहा रॉयल्टीवर ठेवा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त सगळी बारा कायमची देऊन टाकू नका. तुमचं कॅलिक्स त्या बारातलं नेमकं कोणतं, ते आज तुम्हालाही माहीत नाही.

आणि नाशिकच्या दादांनो, तुमच्या बाजूने बघा. पहिल्या दिवशी तुमच्या खिशातून 24,000 ऐवजी 12,000 गेले. माल नाही खपला तर नुकसान निम्मं. खपला तर 4 टक्के देताना दुखायला नको, कारण तेव्हा तुमच्या गल्ल्यातही भर पडलेली असेल. शिवाय ज्याचा वाटा आहे तो डिझायनर स्वतः दुकानात येऊन गिऱ्हाईकाला समजावतो, रंग बदलून देतो, पुढचं नवं आधी तुम्हाला दाखवतो. एकदा पैसे घेऊन गेलेला माणूस का येईल?

एक काम मात्र दादा तुम्ही करायचं : विक्रीचा हिशेब उघडा ठेवायचा. दर तीन महिन्यांनी डिझाईनवार किती मीटर खपलं, याचा एक साधा तक्ता. रॉयल्टीचं नातं हिशेबाच्या वहीवर टिकतं.

बोलणी करायला जाताना हा कागद खिशात ठेवा

1. किती डिझाईन्स, कोणत्या वस्तूंसाठी, कोणत्या मुदतीत.
2. आगाऊ किती, रॉयल्टी किती टक्के, आणि टक्का कशावर? घाऊक दरावर की छापील किंमतीवर? वाद इथेच होतात.
3. हिशेब दर किती महिन्यांनी, पैसे किती दिवसांत.
4. हक्क कुणाकडे, परवाना किती वर्षांचा. मुदत संपल्यावर उरलेला माल किती दिवस विकता येईल.
5. 'फक्त आम्हालाच' ही अट असेल तर तिची हद्द.
6. नाव कुठे आणि कसं छापणार.
7. रंग किंवा नक्षीत बदल करायचा असेल तर विचारून की न विचारता.
8. छपाईआधी नमुना कोण मंजूर करणार.
9. न निवडलेली डिझाईन्स परत मिळतील आणि वापरली जाणार नाहीत, हे लेखी.

शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. वीस डिझाईन्स दाखवली, पाच घेतली. मग उरलेली पंधरा कुणाच्या मोबाईलमध्ये आहेत? म्हणून पहिल्या भेटीत पूर्ण फाईल पाठवू नका. छोटा तुकडा, कमी रिझोल्यूशनचा फोटो, आणि पाठवताना एक ईमेल : "फक्त निवडीसाठी, वापराची परवानगी नाही." दोन ओळींचा ईमेल, पण तारखेसकट पुरावा.

आता तुमचा गृहपाठ. आज रात्री वही घ्या. डिझायनर असाल तर तुमच्या शेवटच्या पाच कामांपुढे लिहा : हक्क कुणाकडे आहेत आणि याचा कागद माझ्याकडे आहे का? दुकानदार असाल तर लिहा : माझ्या दुकानातल्या कोणत्या पाच वस्तू शेजारच्या दुकानात मिळत नाहीत? दोघांचीही यादी कोरी निघाली तर घाबरू नका. कामाला कुठून सुरुवात करायची, ते तरी कळलं.

ताई, बोलणी झाली की काय ठरलं ते नक्की कळवा. पुढच्या व्हिडिओत घाऊक दर कसा काढायचा, ते फळ्यावर मांडून दाखवणार आहे. तुमच्या एखाद्या वस्तूचा खर्च लिहून पाठवा, त्यातलाच एक हिशेब घेऊ.